सागाच्या पानावरचं तळं

डोंगरउतारावरच्या एका रानात, सागाच्या ढोलीत एक खार राहत असे. तिला नकाशे काढायचा नाद लागला होता. आपल्या रानाचे नव्हेत बरं का मुलांनो, जे मुलूख कुठेच नाहीत त्यांचे. एखादं जुनं वाळकं पान घ्यायचं, सागाची कोवळी पालवी चोळून तिचा लाल रस काढायचा, त्यात काटा बुडवायचा आणि रेघा ओढत बसायचं. शिकवायला डबक्याकाठचं म्हातारं कासव होतं.

"आधी डोंगर काढ," कासव सांगे. "पाणी डोंगरावरून खाली येतं, म्हणून नदी त्यानंतर. वस्ती पाण्याजवळ. नावं सगळ्यात शेवटी. आणि एक ध्यानात ठेव, मनातल्या मुलखात आपल्या रानातली एकही खरी खूण घालायची नाही."

"का हो आजोबा?"

"खरी खूण दिसली की कोणीतरी तिथून चालायला लागतं."

खारीने मान हलवली. नव्याने शिकणारे मान फार पटकन हलवतात.

शेजारच्या फांदीवर एक साळुंकी होती. मनाने मायाळू, पण कोणाच्या घरात काय चाललंय ते कळल्याशिवाय तिच्या घशाखाली दाणा उतरत नसे. खारीने तीन टेकड्या काढून त्यांच्यापलीकडे एक तळं काढलं, गोकर्णीचं फूल चुरडून त्यात निळा रंग भरला, तेव्हा साळुंकी डोकावायला आलीच.

"रंग सुरेख आहे गं," ती म्हणाली, "पण खरं नाही वाटत. बघितल्यावर कसं, उठावं आणि निघावं असं वाटलं पाहिजे."

खारीला ते लागलं. तिने पानाच्या कोपऱ्यात वीज पडून दुभंगलेला पळस काढला. तो पळस ओढ्याकाठी खरोखरच उभा होता, रानातलं लहानथोर त्याला ओळखत होतं. पळसापासून तळ्यापर्यंत तिने ठिपक्यांची वाट काढली.

"आता कसं जिवंत वाटतंय," साळुंकी म्हणाली, आणि सगळ्यांना दिसावं म्हणून तिने ते पान पाणवठ्याच्या वाटेवर काट्याला अडकवून दिलं.

पुढे उन्हाळा आला, तो फार कडक आला. ओढा आटला. कासवाच्या डबक्यात तेवढं गढूळ पाणी उरलं. रांगेने एकेक घोट घेतला तर सगळे तगतील, असं कासवाने ठरवून दिलं होतं. त्या रांगेत एक हरिणी आपल्या पाडसाला घेऊन उभी राहायची. एका संध्याकाळी ती त्या पानासमोर थांबली. बराच वेळ थांबली. खार वरून पाहत होती. आपला नकाशा कोणी इतका मन लावून पाहतंय, याच आनंदात ती होती.

"मावशी, हा आपल्या ओढ्यावरचाच पळस ना?" हरिणीने साळुंकीला विचारलं.

"तोच की. दुसरा कुठला असणार?" साळुंकी म्हणाली.

यात खोटं काहीच नव्हतं. खारीनेही ते ऐकलं आणि ती गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी रांगेत दोन जागा रिकाम्या होत्या. खार पळसापर्यंत धावत गेली. तिथून खुरांचे ठसे टेकडीकडे गेले होते, मोठे आणि त्यांच्या बाजूने छोटे. तिने खूप हाका मारल्या. तापलेल्या खडकांवर तिचे पाय टिकेनात, तेव्हा ती परतली.

चौथ्या दिवशी पाडस एकटंच परत आलं. कासवाने आपला घोट त्याला दिला. पाणी पिऊन झाल्यावर ते खारीपाशी आलं.

"खारूताई, नकाशा तुम्ही काढलात ना? तिसऱ्या टेकडीनंतर आई म्हणत होती उजवीकडे. मीच म्हटलं, डावीकडे जाऊ. माझ्यामुळे वाट चुकली का?"

खारीने साळुंकीकडे पाहिलं. साळुंकीने पंखात चोच खुपसली होती. नुसतं "हो" म्हटलं असतं, तर खार सुटली असती. पाडसाने तेही मानलं असतं, आणि जन्मभर मानलं असतं.

"नाही रे बाळा," ती म्हणाली. "वाट चुकली नाही. डावीकडे काय आणि उजवीकडे काय, तळंच नव्हतं. ते मी मनाने काढलं होतं."

 पाडस वळून त्या पानासमोर जाऊन उभं राहिलं. उन्हाने पान करपलं होतं, कडा झडल्या होत्या. निळा रंग मात्र अजून तसाच होता.

तात्पर्य : मनातला मुलूख हवा तेवढा सुंदर रंगवावा, पण तो मनातला आहे हे पाहणाऱ्याला आधी सांगावं; तहानलेल्याला चित्र दिसत नाही, पाणीच दिसतं.