हैबतरावांची न हलणारी खाडी

राजे हैबतरावांच्या खाडीला ओढ नाही, असं भर दरबारात ठरलं. आता खाडीने ते ऐकायचं तेवढं बाकी होतं.

झालं होतं असं. काशा तांडेल राजांच्या सासूबाईंना आपल्या मचव्यातून आणत होता. राजवाड्याचा धक्का अगदी समोर आला असताना वारा पडला, शीड लोंबलं आणि ओहोटीच्या पाण्याने मचवा ओढत नेऊन चिखलात रुतवला. सासूबाई राजवाड्यात शिरल्या त्या गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन. पाय धुण्याआधी त्यांनी जावयाला जे सुनावलं, ते वेशीपर्यंत ऐकू गेलं. सासूला उलट बोलायची राजांची छाती नव्हती. मग राहिला कोण? काशा तांडेल!

काशा म्हणाला, पाण्याच्या ओढीने नेलं. राजे म्हणाले, ओढ आहे की नाही ते मोजूनच बघू. काम आलं दरबारचे पंडित ढुंढिराजशास्त्री यांच्याकडे. शास्त्रीबुवांना पाण्याविषयी पोथीतलं सगळं पाठ होतं. प्रत्यक्ष पाण्याशी संबंध आंघोळीपुरता. ते राजांच्या होडीतून खाडीच्या मध्यावर गेले, वल्ही वर घ्यायला लावली, एक नारळ हलकेच पाण्यात सोडला आणि त्याच्यावर नजर ठेवून अख्खं स्तोत्र म्हटलं. नारळ होडीच्या कडेला होता, तिथेच राहिला. शास्त्रीबुवांनी निकाल दिला की पाणी स्थिर आहे. परतताना चारही वल्हेकरी घामाने का निथळले, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

काशा खोटारडा ठरला. दोन दिवसांनी त्याचा मचवा सरकारजमा होणार होता. मचवा गेला की घरची चूल विझली, हे कळायला पंडित लागत नाही.

काशाची मुलगी चांगुणा तडक दरबारात आली आणि म्हणाली, मोजणी पुन्हा करा. आता हैबतराव म्हणजे असा माणूस, की शब्द बरोबर निघाला तर एखादवेळी मागे घेतील, चुकीचा निघाला तर मुळीच नाही. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"होडी तीच, नारळ तोच. नांगर टाकायचा नाही, वल्ह्याला हात लावायचा नाही. नारळ होडीपासून दोन हात जरी लांब गेला, तरी मचवा तुमचा. नाही गेला, तर मचव्याबरोबर घरही जप्त!"

दरबारी खो खो हसले. काशाने कपाळाला हात लावला. चांगुणाने मात्र लगेच कबूल केलं. फक्त वेळ ती सांगेल ती, आणि नारळावर नजर ठेवायला राजांनी स्वतः बसायचं. मोजणी लांबेल, तेव्हा जेवण तिच्याकडून. जेवणाचं नाव निघाल्यावर राजांनी बाकीचं नीट ऐकलंच नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, ओहोटी लागल्यावर, होडी खाडीच्या मध्यावर आली. उन्हासाठी तिन्ही बाजूंनी पडदे सोडलेले होते. चौथ्या बाजूचा पडदा नारळ दिसेल एवढाच वर, तिथे राजे, आणि राजांसमोर पाण्यात नारळ. शास्त्रीबुवा डोळे मिटून स्तोत्रं मोजायला बसले. वल्हेकऱ्यांनी हात मांडीवर ठेवले. चांगुणाने ताट वाढलं: तांदळाची भाकरी, तिसऱ्यांचं कालवण, तळलेले बांगडे. राजे एक डोळा नारळावर आणि एक ताटात ठेवून जेवत होते. तिसऱ्या ताटानंतर त्यांनी ढेकर दिला. नारळ होता तिथेच डुलत होता.

राजे खूश झाले. म्हणाले, हरलीस पोरी. चांगुणाने मान डोलावली. नारळ हलला नाही हे तिला कबूल होतं. मग राजांना वामकुक्षीची आठवण झाली आणि त्यांनी पडदा बाजूला केला.

समोर नुसता समुद्र! धक्का नाही, बुरूज नाही, गाव नाही. खाडीचं तोंडसुद्धा मागे पडलं होतं. राजांची झोप उडाली.

"माझा राजवाडा कुठाय?"

चांगुणाने ताटं एकात एक घालत सांगितलं, "पानी हललं नाय. नारल हलला नाय. होडीला कुनी हात लावला नाय. मग म्हाराज, राजवाडाच उठून चालत गेला असंल. कुठं गेला, ते शास्तरीबुवांना विचारा."

शास्त्रीबुवांनी डोळे उघडले, समुद्र पाहिला आणि पुन्हा मिटले.

राजे गुरगुरले की नारळ तर जवळच होता!

"असनारच. होडी वाहात चालली, नारल बी तिच्यासंगं चालला. एका बैलगाडीतल्या दोन पोत्यांनी एकमेकांकडं बघितलं, तर दोघांनाबी वाटंल गाडी उभी हाय. होडी आधी नांगरा, मग नारल सोडा."

होडीत पोती कोण, हे राजांना कळलं. पण उत्सुकता रागापेक्षा मोठी निघाली. त्यांनी नांगर टाकायला लावला, नारळ बाहेर काढला आणि स्वतःच्या हाताने पुन्हा पाण्यात सोडला. दहा मोजेपर्यंत तो पार लांब पळाला होता. राजे आधी बघत राहिले, मग जे हसायला लागले ते पोट धरूनच खाली बसले. हसून झाल्यावर त्यांनी विचारलं, घरी कधी पोचणार? चांगुणा म्हणाली, भरती लागेपर्यंत तरी नाही. पाणी कुणाचा हुकूम मानत नाही.

"मग भरतीपर्यंत राज्य तुझं," राजे म्हणाले. "कर हुकूम."

"पयला हुकूम, माज्या बापसाचा मचवा आन् घर मोकलं."

राजांनी बोटातली राजमुद्रेची अंगठी काढून तिच्या हातावर ठेवली. घरी वाट बघणाऱ्या काशाचा जीव ती बघूनच भांड्यात पडणार होता.

"आणि दुसरा?" राजांनी विचारलं.

"दुसरा, नांगर उचला. शास्तरीबुवांनी एकट्यांनी वल्ही मारून आत्ताच घरी न्यावं. पानी तर जागंवर हाय, जड जानार नाय."

शास्त्रीबुवांनी केविलवाण्या चेहऱ्याने राजांकडे पाहिलं. राजांच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी येत होतं.

"माझ्याकडे काय बघता, बुवा? राज्य तिचं आहे. धरा वल्हं!"