पहिला नंबर चाकाचा

फार पूर्वी अवजारांना वाचा होती, तेव्हाची ही गोष्ट. माळपेठेत तेलाचा घाणा, कुंभाराचं चाक आणि मागाचा धोटा यांच्यात एकदा जुंपली. सगळ्यात कामसू कोण? हरेल त्याने अडगळीच्या खोलीत जायचं, असं ठरलं.

निवाड्याला साळुंकीबाई आल्या. तेल, मडकी आणि कापड एकाच मापाने मोजायचं कसं, या विचाराने त्यांचं डोकं भणभणलं. मग एकदम त्यांची कळी खुलली. "अरे, तुम्ही तिघंही फेऱ्याच मारता की! मी फेऱ्या मोजते."

मोजणी सुरू झाली. मातीचा गोळा नसला की भन्नाट फिरता येतं, हे चाकाच्या लक्षात आलं. त्याने गोळा भिरकावून दिला. ते पाहून घाण्याने तीळ सांडून टाकले. धोटा मात्र घुटमळला. "बाई, सूत टाकलं तर मी विणू काय?"

"मध्ये बोलू नकोस, माझा आकडा चुकतो!" साळुंकीबाई खेकसल्या. अडगळीच्या भीतीने त्यानेही सूत टाकलं.

संध्याकाळी चाकाचा पहिला नंबर आला. साळुंकीबाई थाटात सत्काराला उठल्या. समईसाठी तेल मागितलं, तर घाणा कोरडा. उपरणं मागितलं, तर माग रिकामा. निदान पाण्याचा कलश तरी मांडू म्हटलं, तर चाकाजवळ एक मडकं नाही.

"आता सत्कार करू तरी कशाने?" त्या रडकुंडीला आल्या.

"फेऱ्यांनी करा, बाई," धोटा म्हणाला. "माझ्याकडे तीन हजार आहेत. सगळ्या रिकाम्या."