नटव्या माठाचा घाम

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. चैत्रातल्या एका दुपारी बरोबर बारा वाजता ठिपकी कोंबडी बाजारात शिरली. घरी पिल्लं उन्हानं माना टाकून बसली होती, त्यांच्यासाठी तिला गार पाण्याचा माठ हवा होता.

मोराच्या दुकानात एक साधा तांबडा माठ होता आणि एक निळ्या-सोनेरी तेलरंगानं अंगभर रंगवलेला. साध्याकडे कुणी बघतही नव्हतं.

"ताई, हा रंगीतच घ्या. घराला शोभा येईल," मोर म्हणाला आणि ठिपकी भुललीच.

घरी येऊन तिनं माठ भरला. बऱ्याच वेळानं धाकट्या पिल्लानं चोच बुडवली आणि ते ओरडलं, "आई, हे तर अंघोळीचं पाणी!"

ठिपकीनं स्वतः चोच बुडवून पाहिली. "अरे नटव्या, गारवा कुठाय तुझा?" ती माठावर खेकसली.

"रागावू नकोस बाई," माठ कळवळला. "आम्हांला घाम सुटला तरच पाणी गार होतं. माझी सगळी छिद्रं या रंगानं बुजवलीत. मीच गुदमरलोय! जरा खरवड की."

आता उकरायला कोंबडीला कुणी शिकवायला हवं का? तिनं असे पंजे चालवले की अंगणात निळ्या खपल्यांचा सडा पडला. पिल्लंही चोची मारत सुटली.

"गिळायचं नाही हं, थुंका आधी!" ठिपकी ओरडत होती.

"हळू रे, गुदगुल्या होतात!" माठ हसत होता.

सांजेपर्यंत माठ छान पाझरू लागला. पिल्लं पोटभर गार पाणी प्यायली आणि टुणटुण उड्या मारू लागली.

तर मुलांनो, शेजारच्या काकू माठ आणायला निघाल्या, तर त्यांना एवढं नक्की सांगा: गळ्यावर हवी तेवढी नक्षी असू द्या, पोट मात्र कोरंच बघून घ्या.