इनामदारांचा शेवटचा नियम

मी बोंबलून सांगत होते की इनामदार हरायला लागले की नियम बदलतात, पण माझं कोणी खरं मानलं नाही. सगळे म्हणाले, "शेवंते, मोठ्या माणसावर आळ घेऊ नको."

चिंचेखाली मी केरसुण्या विकते. ती जागा त्यांना मेव्हण्यासाठी हवी होती. म्हणाले, "वाघ-बकरीच्या डावात मला हरव, जागा तुझी." वाघ त्यांचे, बकऱ्या माझ्या. वाघ कोंडले की मी जिंकले.

मी कोंडले. लगेच नवा नियम, की वाघ दोन बकऱ्यांवरून उडी मारतो. तरी पुन्हा कोंडत आणले, तेव्हा फर्मान निघालं, "डाव संपायच्या आत जो उठेल तो हरला." त्यांच्या कारकुनाने तेही लिहून खाली त्यांची सही घेतली. बाजाराचा दिवस, गिऱ्हाईक मला हाका मारतंय, म्हणजे मीच उठणार असं त्यांचं गणित.

खेळी माझी होती. वाघ कोंडले असते तर आणखी एक नियम निघाला असता. म्हणून मी फडक्यातली भाकरी सोडली आणि निवांत चावत बसले.

"अगं, चाल की!"

"विचार करतेय, सरकार. किती वेळ करायचा ते नियमात नाही."

इनामदार तीन तांबे ताक पिऊन बसले होते. आधी मांडी बदलली, मग तोंडाचा रंग बदलला, आणि शेवटी धोतर सावरत जे पळाले ते थेट ओढ्याकडे! अख्खा बाजार हसून लोळला.

परत आले ते ओरडतच. "कुठल्या गाढवाने केला हा नियम? नाव वाच!"

कारकून बिचारा हुकमाचा बंदा. त्याने कागद उघडून खालची सही मोठ्याने वाचली, "श्रीमंत सर्जेराव आनंदराव इनामदार."