उन्हात राबलेली खोळ

बॅरिस्टर नाबरांशी व्यवहार करायचा म्हणजे डोकं उठायचं. वेंगुर्ल्याच्या धक्क्याला त्यांची देखणी शिडाची होडी कायम बांधलेली असे. शिडावरची जाड कापडाची खोळ तीन वर्षांत विरली, म्हणून त्यांनी शिडं शिवणाऱ्या द्वारकाबाई मोंडकरांना बोलावलं. नव्या खोळीचे बाराशे रुपये ऐकताच ते चारचौघांत कडाडले, "वाऱ्याशी झुंजणारं शीड धडधाकट, आणि नुसती बसून असलेली खोळ फाटते? तुम्ही शिवलेल्या खोळीचं कापडच निकृष्ट होतं. नवी खोळ फुकट शिवून द्या."

हेच पालुपद त्यांनी तीनदा ऐकवलं. द्वारकाबाई कंटाळून म्हणाल्या, "बरं, देते फुकट. पण साहेब, तीन वर्षं शीड सावलीत झोपलंय आणि खोळ उन्हात राबलीय. आता उलटं करू. रोज सकाळी खोळ काढून तुम्ही होडी समुद्रात न्यायची, ती दिवस मावळल्यावरच आणायची. मग खोळ फाटली, तर जन्मभर फुकट शिवीन."

बॅरिस्टर आजवर एकदाच समुद्रात गेले होते. ओकून अर्धमेले झालेल्या त्यांना दोघांनी धरून उतरवलं होतं, ते सगळ्या धक्क्याने पाहिलं होतं.

बॅरिस्टरांनी लाटांकडे पाहिलं आणि विचारलं, "बाराशेच म्हणालात ना?"