अळणी घासाची कहाणी

ऐका माहेरवाशिणी गौरीबाई, तुमच्या अळणी घासाची कहाणी.

खाडीच्या काठी एक आटपाट गाव होतं. तिथं येसू नावाची सून होती. नवरा गलबतावर गेलेला. घरात सासू, ती आणि तिची आठ वर्षांची लेक रंगू. परसात सात कोंबड्या. शेत नाही, गाय नाही. घर चालत होतं ते त्या सातांवर.

सासू मरणपंथाला लागली, तेव्हा तिनं येसूला जवळ बोलावलं. म्हणाली, "सूनबाई, एक वसा देते, तो घे." येसू म्हणाली, "वसा कसला, सासूबाई?" "सणाला रांधशील, तेव्हा मीठ पडण्याआधी भांड्यातून एक मूठ काढ. तो कोंबड्यांचा अळणी घास. आधी त्यांना रोजचा दाणा घाल, मग उन्हात घास घाल. दिवस मावळण्याआधी उरलेलं उचल. खारट घालू नको, आंबलेलं घालू नको, बुरसटलेलं तर मुळीच नको. ते मातीत पुरावं. मुक्या जिवाला नको म्हणता येत नाही." येसूनं वसा घेतला. सासूनं डोळे मिटले.

तीन वर्षं येसूनं वसा पाळला. कोंबड्या अंगणभर नांदल्या, अंडी घातली, घर उभं राहिलं. चौथ्या वर्षी श्रावणात रंगूला ताप आला. एकवीस दिवसांनी ताप उतरला, पण पोर अंथरुणाला खिळली. वैद्य आले, नाडी पाहिली. म्हणाले, "बाई, तापानं हिच्या अंगात काही ठेवलं नाही. रोज एक अंडं पोटात जाऊ द्या. दसऱ्याला हिंडू लागेल." येसू रोज एक अंडं उकडी, रंगू रोज खाई. पोरीच्या गालावर रंग चढला. ती भिंत धरून उभी राहिली.

मग भाद्रपद आला. गौरी आल्या. येसूच्या घरी साऱ्या जावा जमल्या. चुलीवर वालाचं बिरडं शिजत होतं. येसूनं मीठ घालण्याआधी वाटी पुढं केली. थोरल्या जाऊबाई ठकूबाईंनी ते पाहिलं.

"हे कोणासाठी गं?"

"कोंबड्यांसाठी. सासूबाईंचा वसा आहे."

"अगो बाई! देवीच्या तोंडाआधी कोंबडीचं तोंड? नैवेद्य उष्टा करतेस? पुढच्या वर्षी मखरात कोंबडीच बसव हो. आम्ही तिची ओटी भरू!"

जावा हसल्या. चुलीपाशी हसल्या, पंगतीत हसल्या, विड्याचं पान चघळताना पुन्हा हसल्या. येसू लाजली. वाटी तिनं पालथी घातली. सारं बिरडं खारट झालं.

तिसऱ्या दिवशी गौरी गेल्या, जावा गेल्या. घरात उरलं काय? बिरडं उरलं, भात उरला, तळलेले पापड उरले, लोणच्याच्या फोडी उरल्या. दोन दिवस झाकलेल्या भातावर बुरशीची लव आली होती. येसूनं झाकण काढलं, वास आला. मनात म्हणाली, हे देवीचं अन्न. मातीत टाकू कसं? मला पाप लागेल. असं म्हणून तिनं सारं एकत्र केलं आणि परसात ओतलं. कोंबड्या धावल्या. तिला बरं वाटलं. सांज झाली, पण उरलेलं तिनं उचललं नाही.

मग काय झालं? पहिल्या दिवशी कोंबड्या पाण्यावरून हलेनात. प्याल्या, प्याल्या आणि लटपटल्या. दोन मेल्या. दुसऱ्या दिवशी दोघींच्या माना जमिनीला टेकल्या, त्या पुन्हा वर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी उरलेल्या दोन गेल्या. सातवी खुडूक होती. ती टोपलीत अंड्यांवर बसलेली. ती घासाला उठली नव्हती, म्हणून वाचली.

रंगूनं हाक मारली, "आई, माझं अंडं?" येसू पहिल्या घरी गेली. तिथं म्हणाले, "आमच्या कोंबड्या पिसं गाळतायत, अंडं कुठलं?" दुसऱ्या घरी गेली. तिथं म्हणाले, "होतं ते सकाळीच बाजारात गेलं." तिसऱ्या घरी गेली. ते ठकूबाईंचं. ठकूबाई म्हणाल्या, "माझ्याकडे कोंबडीच नाही, येसू. तुला हसले, तेवढंच काय ते माझ्या हातून झालं." आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

रंगू म्हणाली, "आई, टोपलीतलं एक दे ना." येसूनं खुडकीखालून एक अंडं काढलं, फोडलं. आत पिल्लाचा डोळा होता. येसूनं ते पदराखाली झाकलं. म्हणाली, "हे नासकं निघालं, बाळ." रंगूनं पुन्हा मागितलं नाही.

दुपारी दारात एक म्हातारी आली. केसांत तेरड्याचं फूल. येसूनं तिला पाणी दिलं, आणि तिथंच पायरीवर रडली.

"आजी, मी देवीचं अन्न टाकलं नाही. मग माझं असं का झालं?"

"टाकलं नाहीस. वाढलंस. जे तुझ्या लेकीच्या ताटात वाढलं नसतंस, ते त्यांना वाढलंस. तुझं पाप चुकावं म्हणून."

"चुकले. देवीचा राग कसा जाईल? उपास करू? ओटी भरू? नवस बोलू?"

"देवी रागावली नाही, येसू. रागावली असती, तर तिची समजूत काढता आली असती."

"मग माझ्या कोंबड्या परत दे."

म्हातारी म्हणाली, "पुन्हा लाजशील? पुन्हा विसरशील? घेतला वसा सोडशील?"

"लाजणार नाही, विसरणार नाही, घेतला वसा सोडणार नाही. पण माझी रंगू?"

पायरीवर तेरड्याचं फूल होतं. म्हातारी नव्हती.

मग पिल्लं निघाली, नऊ निघाली. पिल्लं वाढत होती, रंगू खंगत होती. येसू पिल्लांकडे बघे, दिवस मोजी. पिल्लांना अंगभर पिसं नव्हती. नवरात्र बसलं. घटाची पाचवी माळ चढली, त्या दिवशी रंगू गेली.

येसूनं वसा सोडला नाही. दसऱ्याला रांधलं, मिठाआधी मूठ काढली. दिवाळीला रांधलं, मिठाआधी मूठ काढली. संक्रांतीला रांधलं, मिठाआधी मूठ काढली. रोज दिवस मावळण्याआधी अंगण झाडलं. शिळं उरलं, ते मातीत पुरलं. जावा आल्या, पण कोणी हसलं नाही.

शिमग्याला त्या पिल्लांतल्या एका तलंगेनं पहिलं अंडं घातलं. येसूनं ते उकडलं, सोललं, वाटीत ठेवलं आणि सवयीनं रंगूच्या अंथरुणापाशी नेलं. तिथं नुसती जमीन होती. अंडं निवेपर्यंत ती वाटी हातात घेऊन उभी राहिली. मग तीच वाटी घेऊन ठकूबाईंच्या घरी गेली. त्यांची नात तापातून उठली होती. येसू म्हणाली, "हिला द्या. रोज आणीन." ठकूबाईंनी वाटी घेतली. येसूच्या तोंडाकडे पाहण्याचा धीर त्यांना झाला नाही.

बायांनो, येसूला वसा कळला, पण उशिरा कळला. तुम्हां आम्हां वेळेवर कळो. साठा बोलांची ही कहाणी पाचा बोलांत पुरी झाली. येसूला वशाचं फळ मिळालं नाही. ते तुमच्या अंगणात तरी धरो.