मरळ माशाची टाकी

“आणि ही?” गिरीबुवांनी बरणीकडे बोट दाखवलं. “हिचं काय करायचं ठरवलंस?”

“हिच्यासाठीच तर आले,” उल्का म्हणाली.

बुवांनी काचेची बरणी उचलून उजेडासमोर धरली.

आत शेवाळाच्या झुपक्याला धरून एक कोळंबी बसली होती. नखाएवढी, नदीच्या वाळूच्या रंगाची. तिला लाल म्हणायचं तर डोळे मिटूनच म्हणावं लागलं असतं.

उल्का जगदाळे साताऱ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. तिच्या तोंडी लागायची हेडमास्तरांचीही छाती नव्हती. पण घरी लाल चेरी कोळंब्यांची टाकी होती आणि तिच्यासमोर बसली की ही बाई लोण्यासारखी मऊ व्हायची. नळाचं पाणी बादलीत ठेवून त्यातलं औषध उडू द्यायची. देशी बदामाची वाळकी पानं, उकडलेला पालक. पिल्लं आत ओढली जाऊ नयेत म्हणून फिल्टरला स्पंज. पोटाखाली अंडी घेऊन हिंडणाऱ्या माद्या बघण्यात तिच्या संध्याकाळी जात.

मग गावाहून आत्या आली. उल्का शाळेत अडकली होती आणि टाकीत पाणी थोडं कमी दिसत होतं. आत्याने मायेने तांब्याच्या हंड्यातलं, रात्रभर मुरलेलं पाणी आणून ओतलं.

माणसाला ते अमृत. कोळंबीला तांबं म्हणजे काळ. हे आत्याला कोण सांगणार होतं?

उल्का घरी आली तेव्हा सगळ्या लालभडक कोळंब्या वाळूवर आडव्या झाल्या होत्या. आत्या देवापुढे बसून रडत होती, तिला काय बोलायचं. एकच कोळंबी जिवंत होती. जिच्याकडे उल्काने कधी धड पाहिलंही नव्हतं ती ही मातकट पोर, स्पंजाच्या शेंड्यावर चढून पाय हलवत होती. उल्का तिच्यासमोर ढसाढसा रडली, आणि त्या दिवसापासून ती उल्काची झाली.

आता तिच्या पाठीवर पिवळसर खूण दिसायला लागली होती. आत अंडी धरत होती. कात टाकली की तिला नर लागणार, नाहीतर सगळं वाया जाणार. उल्काला बाकी काही नको होतं. हिला सोबत हवी होती, हिची पिल्लं बघायची होती.

म्हणून ती डोंगराखालच्या या मठात आली होती. कुणा भक्ताने नवस फेडायला म्हणून एकदा इथे काचेची पेटी आणून ठेवली होती. देवाला पेढे आणायचे सोडून माणसं काय काय आणतील सांगता येत नाही. पण बुवांचा हात लागला आणि त्या पेटीच्या चार टाक्या झाल्या. पंचक्रोशीत ज्याच्या घरी लाल कोळंबी होती, ती मठातूनच गेलेली. प्रसाद म्हणून मिळायची.

“देईन,” बुवा म्हणाले. “लाल देईन, हव्या तेवढ्या ने. पण मठाची रीत ठाऊक आहे ना?”

“नाही.”

“प्रताप, सांग तिला.”

प्रताप कणसे ओट्यावरच बसला होता. बुवांचा पट्टशिष्य. त्याच्या घरची टाकी बघून आलेले लोक म्हणत, डाळिंब फोडून ठेवलंय. हे तो स्वतःही लोकांना सांगत असे. तो लगेच जाळी घेऊन उठला.

“सोपं आहे ताई. लाल हवी तर आधी फिकट काढायची. तांदळातले खडे निवडतो, तसं. एक मातकट राहू दिली की तिची पिल्लं मातकट, मग त्यांची मातकट. बघता बघता सगळ्या टाकीचा चिखल. म्हणून इथून नेणाऱ्यानं पहिली निवड आपल्या हातानं करायची. निवडलेल्या टाकायच्या तिकडं. मीही दर खेपेला घरच्या फिकट आणून टाकतो.”

तिकडे, कोपऱ्यात, एक भली थोरली टाकी होती. तिच्यावर काळी घोंगडी घातलेली. लाकडी झाकणाला मुठीएवढं भोक होतं, तेवढं फक्त उघडं.

“आत काय आहे?”

“मरळ. अंधारातला मासा. उजेड पडला की बिथरतो, म्हणून घोंगडी.”

प्रतापने जाळी भोकावर कशी उपडी करायची ते करून दाखवलं. रिकामीच जाळी होती. तरीही ती उपडी करताना त्याने मान दुसरीकडे वळवली.

ते उल्काच्या नजरेतून सुटलं नाही.

“आधी ही टाक,” बुवा बरणी पुढे करून म्हणाले. “मग लाल घे.”

“नाही टाकणार.”

“मग लाल मिळणार नाही.”

“नको मिळू दे.”

प्रताप समजुतीच्या सुरात म्हणाला, “ताई, एका फिकट कोळंबीपायी कशाला हट्ट धरता? हिच्या बदल्यात ओंजळभर लाल मिळतायत.”

“माझ्या टाकीत ओंजळभर लाल होत्या, दादा. सगळ्या आडव्या झाल्या. ही उभी राहिली.”

“नशीब तिचं.”

“असेल. मग नशीब काढून आलेलीला मी का टाकू?”

प्रतापने बुवांकडे पाहिलं.

रंग बघून उठून गेलेल्या पाहुण्यांना उल्काने विशीत हसतमुखाने पोहे दिले होते. ती गोष्ट तिने इथे काढली नाही. पण तिची जीभ त्याच सहाणेवर धार लावून आली होती.

“गुरूचं ऐकायचं नाही,” बुवा सावकाश म्हणाले, “आणि गुरूकडं मागायला यायचं…”

“मागायला आले म्हणजे मान डोलवायला आले असं नाही, बुवा. मलाही एक विचारायचंय. पहिली लाल कोळंबी कुठून आली?”

“निवडीतून,” उत्तर प्रतापने दिलं. “पिढ्यान् पिढ्या निवड करून.”

“निवडायला आधी एक तरी लाल हवी ना? ती कुठून आली?”

प्रतापने जाळी या हातातून त्या हातात घेतली.

“ओढ्यातल्या कोळंब्या मातकटच असतात. त्यांच्यात कधीतरी एक तांबूस निघाली. त्यांच्या घोळक्यात वेगळी दिसणारी तीच होती. तेव्हा तिथे तुमच्यासारखं कुणी जाळी घेऊन बसलं असतं, तर या भोकात सगळ्यात आधी तीच गेली असती. मग कुठली तुमची डाळिंबं?”

बुवांनी दाढीतून एकदा बोटं फिरवली.

मग ते उठले. बरणी त्यांच्याच हातात होती.

“बोलतेस छान,” ते म्हणाले. “पण रीत ती रीत. तुझ्यानं होत नसेल, तर मी टाकतो.”

आणि ते खरंच टाकीकडे निघाले. थकल्या पायांनी, पण न थांबता.

एवढा वेळ उल्का वाद घालत होती, वाद घालणं तिला जमत होतं. आता म्हातारा बरणीचं झाकण काढत होता.

ती धावली आणि तिने आपला पंजा त्या भोकावर दाबून धरला.

“हात काढ.”

“नाही.”

“मासा चावेल.”

“चावू दे.”

“काढ म्हणतो ना.”

“तुम्ही गुरू असाल, बुवा. मोठे असाल. पण ही माझी आहे आणि माझा हात इथून हलायचा नाही.” तिने पंजा आणखी दाबला. “आणि टाकायचीच असेल, तर जो तिला खाणार त्याचं तोंड मला आधी बघू द्या. तोंड फिरवून मी काही करत नसते.”

असं म्हणून तिने मोकळ्या हाताने घोंगडी ओढली.

घोंगडी धपकन खाली पडली. बरीच धूळ उडाली. दारातून तिरपा आलेला उजेड काचेतून आत शिरला.

कुणी बिथरलं नाही.

आत शेवाळाचं रान माजलं होतं. त्या रानात, काचेवर, दगडांवर, बुडाशी कुजलेल्या पानांवर, जिकडे बघावं तिकडे कोळंब्या होत्या. वाळूच्या रंगाच्या, चहाच्या रंगाच्या, काही तर काचेसारख्या आरपार. पाठीवर पांढरी रेघ असलेल्या. पोटाखाली अंडी वागवणाऱ्या माद्या. तिळाएवढी पिल्लं. आणि त्या गर्दीत, कुणी न निवडता, मधूनच एखादी लाल. प्रतापच्या घरच्यासारखीच लाल. ती बाकीच्यांबरोबर त्याच पानावर चरत होती आणि कुणाला तिचं काही वाटत नव्हतं.

मासा नव्हता.

उल्काने हात काढला. तिला हसू आलं, मग लगेच राग आला, आणि राग हसण्याहून मोठा निघाला.

“कधीपासून नाही मासा?”

“फार वर्षं झाली,” बुवा म्हणाले.

“आणि तरी लोकांना टाकायला लावता?”

“मी फक्त जाळी देतो.”

“त्यांना खरं का सांगितलं नाही?”

“घोंगडी कुणी उचलली नाही.”

“हे उत्तर नव्हे, बुवा.”

“नाही,” बुवा म्हणाले. “हे उत्तर नव्हे.”

त्यांनी बरणी तिच्या हातात दिली. म्हातारा मान खाली घालून उभा होता. हे खोटं वागणं होतं की आणखी काही, उल्काला कळेना. पण त्याला सोडून द्यायचंही तिच्या मनात नव्हतं.

ती झाकण बाजूला सरकवून टाकीपाशी बसली. “यातल्या घेऊन जाते मी. लाल नकोत मला. विचारत नाहीये, सांगतेय.”

पाणी घ्यायला काहीतरी हवं होतं. प्रतापने न बोलता ओट्यावरचं फुलपात्र पुढे केलं. तांब्याचं होतं.

“तांबं नको,” उल्का म्हणाली.

बुवांनी कोनाड्यातली करवंटी आणून दिली.

टाकीतलं पाणी ती बरणीत एकदम ओतत नव्हती. करवंटी कलती धरून थेंब थेंब सोडत होती. नव्या पाण्याचा धक्का कोळंबीला सोसत नाही, मायेनं दिला तरी सोसत नाही, हे ती शिकून आली होती. सोडता सोडता बोलतही होती.

“किती लोकांनी या भोकात जाळी उपडी केली असेल. तुमच्या शब्दाखातर. तोंड फिरवून. घरी जाऊन जेवले असतील का त्या दिवशी? मी सांगणार आहे सगळ्यांना. आत मासा नाही म्हणून सांगणार. तुमची रीत मोडणार.”

“मोड,” बुवा म्हणाले.

एवढंच म्हणाले. पण ते म्हणताना त्यांनी घोंगडी उचलली, नीट घडी घातली आणि धुनीपाशी नेऊन तिच्यावर स्वतः बसले. बरेच दिवस बसायला काहीतरी शोधत असावेत, तसे.

उल्काने जाळी घातली आणि आल्या त्या कोळंब्या घेतल्या. निवडल्या नाहीत. बरणीतली तिची मातकट पोर आधी शेवाळाआड दडली, मग मिशा परजत बाहेर आली. एक नर तिच्याभोवती घिरट्या घालायला लागला. उल्काने जाळी जमिनीवर ठेवली, बरणीला फडकं बांधलं, ती पोटाशी धरली आणि बुवांना नमस्कार न करता निघाली. उंबऱ्यापर्यंत गेली, आणि मग परत वळून वाकून नमस्कार केला, कारण राग राग म्हणून असावा आणि नमस्कार नमस्कार म्हणून.

तेवढ्यात मागून प्रतापचा आवाज आला.

तो टाकीसमोर उकिडवा बसला होता. काचेला नाक लावून. त्याने टाकलेल्या, त्याच्या हातच्या, कितीतरी समोर चरत होत्या. त्यांना नातवंडं झाली होती.

“बुवा… म्हणजे मी एकही मारली नाही?”

त्या आवाजात केवढी सुटका होती. पाठीवरचं पोतं कुणीतरी उतरवून घ्यावं तशी.

प्रतापने टाकीचा कोपरान् कोपरा पुन्हा शोधला. दगडाच्या मागे, पानांच्या खाली. हळूहळू त्याच्या कपाळाला आठी पडली.

“पण मग… मासा गेला कुठं?”

गिरीबुवा घोंगडीवरून उठले. उल्काने जमिनीवर ठेवलेली जाळी त्यांनी उचलली, झटकून कोरडी केली आणि प्रतापच्या हातात दिली.

“तुझ्याबरोबरच घरी जातो की रे,” ते म्हणाले. “दर खेपेला.”